विकत घेतलेली बातमी आणि देवणीचा वाचक

निवडणुकीचा हंगाम आला की वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी वाहिन्या पक्षपात करतात अशी ओरड सर्वच पक्ष करू लागतात. सत्ताधाऱ्यांना पत्रे विरोधकांना मिळालेली दिसतात. विरोधकांना ती सरकारची बटीक वाटतात. पराभूत उमेदवार तर आपल्या पराभवाचे निम्मे खापर वार्ताहरांच्या माथी फोडून मोकळा होतो. या नेहमीच्या तक्रारींना फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. वृत्तपत्राला मत असावे व ते त्याने परखडपणे मांडावे, यात गैर काहीच नाही. ज्याला मतच नाही ते पत्र बाजारभावांच्या तक्त्याहून अधिक योग्यतेचे नसते. प्रश्न निराळा आहे, आणि देवणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तो जितका स्पष्ट दिसतो तितका मुंबई-दिल्लीच्या परिसंवादांत दिसत नाही. सकाळी अंक हाती घेऊन हॉटेलच्या बाकावर जो शेतकरी वाचीत बसतो, त्याच्या पुढ्यातील मजकूर संपादकाच्या मताने छापला गेला की कोणाच्या पैशाने, हे कळण्याचा त्याला काही मार्ग आहे काय? नसेल, तर त्याची ही फसवणूक कशी होते आणि ती थांबवावयाची कशी, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

मराठी वृत्तपत्रसृष्टी कधीही निःपक्षपाती नव्हती, आणि तिने तसा आवही फारसा आणला नाही. लोकमान्यांचे 'केसरी' हे राजकारणाचे शस्त्रच होते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही. हा पक्षपात होता, आणि तोही जातीय अहंकारातून आलेला. पण तो लपून राहिला नाही. त्यावर उपाय एकच होता, तो म्हणजे स्वतःचे पत्र. आणि तो बाबासाहेबांनी योजलाच होता. १९५६ च्या नोव्हेंबरात आचार्य अत्र्यांचा दैनिक 'मराठा' संयुक्त महाराष्ट्राचा कैवार घेऊनच जन्मास आला. १९५७ च्या निवडणुकीत 'मराठा' कोणाच्या बाजूने आहे, हे शेंबड्या पोरालाही विचारावे लागले नाही. आपल्या प्रदेशात, निजामी राजवटीत, आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' चालविला, बंदी आली की नवे नाव धारण करून अंक काढले. आणि पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली त्याच पत्राने या भागाच्या प्रश्नांवर उघड बाजू घेतली. या साऱ्या पत्रांशी कडाक्याचे मतभेद होण्यास वाव होता, आणि ते झालेही. त्यांनी वाचकाला फसविले, असे मात्र त्यांच्या वैऱ्यालाही म्हणता येणार नाही.

आणीबाणीत पक्षपात हा सरकारी हुकूमच झाला. बातमी सेन्सॉरच्या हाताखालून जाई. आकाशवाणी व दूरदर्शन सरकारच्या मुठीत होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावरील विरोधकांच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून दूरदर्शनने 'बॉबी' हा चित्रपट दाखविला, ही हकीकत अजूनही सांगितली जाते. सभा प्रचंड झाली. आणि मार्च १९७७ मध्ये आपल्या मतदारांनी काय केले? नांदेडमधून भाई केशवराव धोंडगे व लातूरमधून भाई उद्धवराव पाटील, असे शेतकरी कामगार पक्षाचे दोन उमेदवार त्यांनी लोकसभेवर धाडले. धोंडगे यांच्यापाशी 'जयक्रांती' हे साप्ताहिक होते. आकाशवाणी समोरच्या बाजूला होती.

या निकालाचे श्रेय केवळ मतदारांच्या धैर्याला देऊन भागणार नाही. रेडिओ सरकारचा आहे, हे खेड्यातील माणसाला ठाऊक होते. बाजारात माल नेणारा शेतकरी व्यापाऱ्याचा काटा ओळखून असतो आणि मापात किती मारले जाणार ते मनाशी धरून चालतो. तशीच बातमीतून सरकारचा वाटा वजा करून तो ती ऐकत असे. उघड पक्षपाताची अशी वजाबाकी करता येते. पण जो पक्षपात बातमीचे कपडे घालून, 'आमच्या प्रतिनिधीकडून' असा शिक्का लावून येतो, त्यातून काय आणि किती वजा करावयाचे?

या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण देशाला आपल्याच विभागाने दिले, हे सांगताना आनंद होत नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून उभे होते. १३ ऑक्टोबरच्या मतदानापूर्वीच्या दिवसांत मोठ्या मराठी दैनिकांतून मुख्यमंत्र्यांच्या कर्तृत्वाचे गुणगान करणारी रंगीत पानेच्या पाने निघाली. त्यांपैकी काहींचे नावच 'अशोकपर्व' असे होते. 'जाहिरात' हा शब्द त्यांवर नव्हता. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू' दैनिकात २६ ऑक्टोबर रोजी प्रथम या निवडणुकीतील बातम्यांच्या एकूण बाजाराविषयी लिहिले, आणि ३० नोव्हेंबर रोजी या विशिष्ट पानांविषयी लिहिले तेव्हा त्यांच्या हाती अशी ४७ पूर्ण पाने जमली होती. त्यांतील एक स्तुतिलेख तर 'लोकमत', 'पुढारी' आणि 'महाराष्ट्र टाइम्स' या परस्परांच्या स्पर्धक म्हणविणाऱ्या तिन्ही दैनिकांत शब्दशः सारखा होता. लेखकाचे नाव मात्र तिन्हीकडे एक नव्हते. तीन निरनिराळ्या संपादकीय कचेऱ्यांना एकाच आठवड्यात तीच वाक्ये त्याच क्रमाने स्फुरावीत, असा चमत्कार संतचरित्रांतही आढळत नाही.

आता हिशेबाकडे वळू. त्या निवडणुकीत विधानसभेच्या उमेदवाराला १० लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. श्री. चव्हाण यांनी सादर केलेला एकूण खर्च ७ लाखांच्या आत होता. त्यात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये आणि केबल वाहिनीवरील जाहिरातींचा ६,००० रुपये. वृत्तपत्रांतील जाहिराती होत्या त्या नांदेडच्या 'सत्यप्रभा' या दैनिकातील सहा. मोठ्या दैनिकांत त्या आकाराचे एक रंगीत पान जाहिरात म्हणून घ्यावयाचे झाले तर काय दर पडतो, हे ज्याने आपल्या संस्थेच्या वर्धापनदिनाची चार बोटे रुंदीची जाहिरात देऊन पाहिली आहे, त्याला सांगावयास नको.

न्यायाची बाजू येथेच नोंदविली पाहिजे. श्री. चव्हाण यांनी या मजकुरासाठी पैसे दिल्याचे नाकारले. पैसे दिले-घेतले गेले असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही, आणि ते सिद्ध झाले असे आम्हीही म्हणत नाही. किंबहुना सिद्ध न होणे हाच या व्यवहाराचा विशेष आहे. पावती नाही, करार नाही, धनादेश नाही. देणारा मुका, घेणारा मुका, आणि तिसरा जो वाचक त्याला साक्षीलाच बोलावीत नाहीत.

त्या मतदारसंघातील पराभूत उमेदवार, माजी राज्यमंत्री डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. भारतीय जनता पक्षाचे मुख्तार अब्बास नक्वी व किरीट सोमय्या यांच्याही तक्रारी होत्या. खर्चाचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे की तो केवळ वेळेत आला की नाही एवढेच पाहावयाचे, यावर वाद सुरू झाला. आयोगाने अधिकार आहे म्हटले, दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तेच म्हटले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ खाली आयोगाला हिशेबाची सत्यता तपासता येते, हा या लढ्याचा स्थायी लाभ, त्यासाठी डॉ. किन्हाळकरांचे श्रेय मान्य केले पाहिजे. त्यानंतर १३ जुलै २०१४ रोजी आयोगाने हिशेब विहित रीतीने सादर झाला नसल्याचा निर्णय देऊन श्री. चव्हाण यांना कारणे दाखवा नोटीस काढली. १२ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे ज्या विधानसभेच्या निवडणुकीचा हा वाद, तिची मुदत संपत आली तेव्हा वादही संपला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये श्री. चव्हाण तक्रारदारांच्या पक्षातच दाखल झाले. त्या ४७ पानांविषयी त्या पक्षाचे आजचे मत काय, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

हा प्रकार एकट्या नांदेडचा किंवा एका पक्षाचा होता असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. त्याच वर्षी लोकसभेच्या निवडणुकीनंतर आंध्र प्रदेशातील श्रमिक पत्रकारांच्या संघटनेने आपल्याच धंद्यातील हा रोग आकडेवारीनिशी चव्हाट्यावर मांडला होता. हिंदी पत्रकारितेत 'जनसत्ता'चे प्रभाष जोशी नोव्हेंबर २००९ मध्ये निधन होईपर्यंत याविरुद्ध गावोगाव बोलत राहिले. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांनी २००७ च्या निवडणुकीत दोन दैनिकांत छापून आणलेल्या बातमीवजा मजकुराचा २१,२५० रुपयांचा खर्च हिशेबात दाखविला नाही म्हणून आयोगाने २० ऑक्टोबर २०११ रोजी त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. देशातील अशी ती पहिलीच कारवाई. लहान मासा जाळ्यात सापडला, याचा आनंद मानावा की मोठे निसटले याचा विषाद, हे ज्याने त्याने ठरवावे.

काही समंजस मित्र या ठिकाणी एक आक्षेप घेतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, भोकरमध्ये श्री. चव्हाण एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले; डॉ. किन्हाळकरांना तेरा हजारांच्या आसपास मते पडली. ती पाने छापली नसती तरी निकाल हाच लागला असता. मग पक्षपाताने बिघडले ते काय? उलट १९७७ चे तुमचेच उदाहरण सांगते की लोक वृत्तपत्रे वाचून मते देत नाहीत.

निकाल बदलला नसता, हे आम्हास मान्य आहे. परंतु निवडणूक म्हणजे केवळ पहिल्या दोघांतील मतांचे अंतर नव्हे. तीन आठवड्यांचा तो काळ असा असतो की एरवी कोणाच्या गणतीत नसलेला माणूस, रोजगार हमीवरचा मजूर असो की दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी, आपला प्रश्न गावापुढे मांडू शकतो आणि तो सोडविण्याचे वचन मागू शकतो. देवणी तालुक्याची निवडणूक ज्या निलंगा मतदारसंघात होते, तेथे पाण्याचे काय, सोयाबीनच्या भावाचे काय, देवणीच्या ज्या गाई-बैलांनी या गावाचे नाव देशभर केले त्या जनावरांच्या चाऱ्याचे आणि बाजाराचे काय, हे प्रश्न घेऊन उभा राहणारा, गाठीला पैसा नसलेला उमेदवार वृत्तपत्रातील चार ओळींवर अवलंबून असतो. त्या चार ओळींची जागा विकली गेली की त्याचा प्रश्न निवडणुकीतून बाद होतो. तो उमेदवार हरणारच होता, असेही म्हणता येईल. पण प्रश्न ऐकला जाऊन हरणे आणि ऐकलाच न जाऊन हरणे या दोहोंत फरक आहे. पहिल्यात पुढच्या वेळची बीजे असतात. पैसे नाहीत तर बातमी नाही, हा २००९ चा नियम याच माणसाला सर्वांत अधिक भोवला, आणि त्याच्या बाजूने दिल्लीच्या उच्च न्यायालयात कोणी उभे राहिले नाही.

शिवाय खर्चाची मर्यादा कशासाठी असते? श्रीमंताच्या थैलीने गरिबाचा आवाज बुडवू नये म्हणून. ती मर्यादा २००९ मध्ये १० लाख होती, २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात ४० लाख झाली. पण जो खर्च हिशेबातच येत नाही त्याला १० काय आणि ४० काय. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा असा निर्णय दिला, तेव्हा सरकारने तडकाफडकी वटहुकूम काढून आणि मग कायद्यात बदल करून तो निष्प्रभ केला. थैलीचे तोंड एका बाजूने बांधावे तर दुसऱ्या बाजूने ती उसवावी, ही रीत तेव्हापासूनची आहे. विकत घेतलेली बातमी ही त्याच थैलीची सर्वांत बारीक शिवण.

या रोगाचे मूळ संपादकांच्या चारित्र्यात शोधणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ते मालकीत आणि उत्पन्नात आहे. अंकाची किंमत छपाईच्या खर्चालाही पुरत नाही; उरलेला सारा भार जाहिरातींवर. पहिल्या प्रेस आयोगाच्या शिफारशीनंतर १९५६ साली दैनिकांची पाने आणि किंमत यांचे प्रमाण ठरविणारा कायदा झाला. उद्देश हा की बड्या दैनिकांनी जाहिरातींच्या जोरावर स्वस्तात जाड अंक विकून छोट्यांना मारू नये. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा भाषणस्वातंत्र्याचा भंग करणारा म्हणून रद्द केला. सरकारच्या हाती वृत्तपत्रांची पाने मोजण्याचा अधिकार असणे किती धोक्याचे, हे आणीबाणीने पुढे दाखविले. म्हणून त्या निर्णयावर आम्ही खडे फोडणार नाही. पण त्याने मोकळ्या झालेल्या मैदानात जाहिरातदारच राजा झाला, हेही तितकेच खरे.

आणि मराठवाड्यात जाहिरातदार कोण? येथे मोटारींचे वा साबणांचे कारखानदार नाहीत. येथे सहकारी साखर कारखाना आहे, जिल्हा बँक आहे, बाजार समिती आहे, शिक्षण संस्था आहे, आणि सर्वांच्या वर सरकारी जाहिराती आहेत. यांचे अध्यक्ष, चेअरमन आणि पालकमंत्री हेच निवडणुकीतील उमेदवार किंवा त्यांचे सोयरे. वर्षभर ज्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाची, वाढदिवसाच्या अभीष्टचिंतनाची आणि निविदेची जाहिरात छापून अंक निघतो, त्याच्याविरुद्ध निवडणुकीच्या तीन आठवड्यांत चार ओळी छापण्याचे धैर्य जिल्ह्याच्या पत्राने कोठून आणावे? मोठ्या दैनिकांची गोष्ट तर आणखी सरळ. 'लोकमत'च्या दर्डा कुटुंबातील विजय दर्डा तेव्हा काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. राजेंद्र दर्डा काँग्रेसचे आमदार आणि राज्यात मंत्री राहिलेले. त्यांनी आपल्या पक्षाची बाजू घ्यावी, खुशाल घ्यावी. 'सामना' शिवसेनेचा आहे हे १९८८ पासून सर्वांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पक्षाचे पत्र असेल तर पक्षाचे नाव मुखपृष्ठावर असू द्यावे, जसे ते आमच्या या साप्ताहिकावर असते.

तालुक्याच्या वार्ताहराविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. निवडणूक आली की आपले कार्यकर्ते प्रथम त्याच्यावर रागावतात, कारण तो हाताशी असतो. त्याची स्थिती काय? बहुतेकांना पगार नाही. मानधन असले तर ते फोनच्या खर्चाइतके. मिळकत जाहिरातींवरील कमिशनची. वर्धापनदिनाच्या पुरवणीला इतक्या रकमेच्या जाहिराती आणा, दिवाळीला इतक्या आणा, असा आकडा वरून येतो. निवडणुकीत तोच आकडा अनेक पटींनी वाढून येतो. ज्याची बातमी लिहावयाची त्याच्याच दारी वसुलीला जावयाचे, हे काम त्याने स्वतः निवडलेले नाही. १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा, नंतरची वेतन मंडळे, २०११ चा मजीठिया निवाडा, यांपैकी कशाचाही उजेड या अंशकालीन माणसापर्यंत पोहोचला नाही. त्याला लाचखाऊ ठरविले की मालक आपोआप सुटतो. आम्हाला असे वार्ताहर ठाऊक आहेत की जे वरचा आकडा पुरा करूनही कोपऱ्यात कोठे तरी मजुरांच्या मोर्चाची बातमी सरकवितात. त्यांच्याशी संबंध तोडणे हा शुद्ध वेडेपणा होईल.

वृत्तपत्रांच्या धंद्याने स्वतःहून सुधारावे, या अपेक्षेचे काय झाले तेही पाहा. प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी या दोघांची उपसमिती नेमली. त्यांनी नावानिशी, पुराव्यांनिशी ७१ पानांचा अहवाल दिला. ३० जुलै २०१० रोजी कौन्सिलने त्याऐवजी नावे गाळलेला एक छोटा अहवाल स्वीकारला आणि मूळ अहवाल दप्तरात ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश झाल्यावर २०११ मध्ये तो जनतेला पाहावयास मिळाला. जगाची गुपिते फोडण्याचा ज्यांचा व्यवसाय, त्यांचेच गुपित माहितीच्या अधिकाराने फोडावे लागले!

दूरचित्रवाणीविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही. तिच्या पक्षपाताला आता झाकणच उरलेले नाही. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला ३५० च्या पुढे, काहींनी ४०० पर्यंत जागा वाटून दिल्या. ४ जूनला २९३ निघाल्या, आणि मराठवाड्याच्या आठही मतदारसंघांत भारतीय जनता पक्षाला एकही जागा मिळाली नाही. वाहिनीची वजाबाकी करावयास लोक शिकले आहेत. खिशातील फोनचे तसे नाही. तेथे येणारा मजकूर मेव्हण्याकडून, शाळेतील मित्राकडून, भजनी मंडळाच्या गटातून येतो, आणि माणसाच्या ओळखीचा भरवसा त्या मजकुराला चिकटतो. त्यामागे पैसा कोणाचा, हे शोधणे वृत्तपत्रापेक्षाही कठीण आहे. तथापि वृत्तपत्राचे छापील पान अजूनही कापून ठेवता येते, आणि फोनवर फिरणाऱ्या मजकुराला विश्वासार्हता हवी असली की तोही वृत्तपत्राच्या कात्रणाचेच चित्र पुढे करतो. म्हणून पहिला लढा कागदावरचाच राहणार.

कायद्यातील एक विसंगती या संदर्भात आवर्जून सांगितली पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे निवडणुकीचे साधे पत्रक छापावयाचे, तर त्यावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीचे निवेदन सही करून द्यावे, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी ते साक्षांकित करावे, आणि त्याची प्रत पत्रकासह जिल्हाधिकाऱ्याकडे जावी. चुकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गावातल्या छोट्या छापखान्यात शंभर पत्रके काढणाऱ्या कार्यकर्त्यावर एवढी बंधने. आणि लाखो अंकांतून निघणाऱ्या रंगीत स्तुतिपानावर, ते कोणी काढविले याचा उल्लेख करण्याचे बंधन नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात पैसे घेऊन छापलेल्या बातमीची कायद्यात व्याख्या करावी आणि तिला शिक्षा असावी अशी शिफारस केली. निवडणूक आयोगही हे मागत आला आहे. सत्तेवर आलेल्या कोणत्याही आघाडीने ती शिफारस कायद्यात आणली नाही. निवडणूक काळात उमेदवाराविषयी छापलेल्या प्रत्येक मोबदल्याच्या मजकुरावर, बातमीच्याच टंकात, पैसे देणाऱ्याचे नाव व रक्कम असावी, एवढी साधी मागणी आपण प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला जाहीर सभेत विचारली पाहिजे. तिला नाही म्हणणे कोणालाही अवघड जाईल.

कायदा होईपर्यंत स्वस्थ बसावे असे मात्र नाही. प्रत्येक जिल्ह्यात निवडणुकीच्या वेळी माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. संशयित मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून किंवा तक्रार आल्यापासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला नोटीस द्यावयाची आणि उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यावयाचे, असा नियम आहे. मजकूर पैशाचा ठरल्यास सरकारी जाहिरात दराने त्याचा खर्च उमेदवाराच्या नावे मांडला जातो. समिती आपणहून सारे पाहील या भरवशावर कोणी राहू नये. कोणाचा संताप व्यक्त करणारे निवेदन तेथे उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते कात्रण. एकाच मजकुराचे दोन प्रतिस्पर्धी दैनिकांतील कात्रण शेजारी-शेजारी चिकटवून दिले, तर अधिकाऱ्याला टाळाटाळ करणे अवघड होते.

तेव्हा तालुक्यातील प्रत्येक शाखेने अर्ज भरण्याच्या दिवसापासून एका तरुण कार्यकर्त्याकडे हे एकच काम सोपवावे. वाचनालयात येणारी सर्व दैनिके त्याने पाहावीत, उमेदवारनिहाय मजकुराचे कॉलम-सेंटिमीटर मोजून वहीत मांडावेत, प्रत्येक कात्रणावर पत्राचे नाव, आवृत्ती, तारीख व पान लिहावे. ज्या उमेदवाराला तीन आठवड्यांत एक ओळही मिळाली नाही त्याचे नावही त्या वहीत असावे, मग तो आपला असो वा नसो. आपल्या उमेदवाराला कोणी 'पॅकेज' देऊ केले तर त्याने ते घेऊ नये, आणि देऊ केल्याची तारीख त्याच वहीत नोंदवावी. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. तो कोणालाही नाममात्र शुल्क भरून पाहता येतो व त्याची नक्कल मिळते. वही आणि ती नक्कल शेजारी ठेवून बेरीज करणे, हे दोन संध्याकाळींचे काम आहे. आलेली बेरीज या साप्ताहिकाकडे पाठवावी, ती नावांसह छापली जाईल.